पणजोबा कोणत्या दप्तरात?

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर किंवा मुरबाडच्या तहसील कचेरीच्या आवारात अर्ज लिहून देणाऱ्यांच्या टेबलांपाशी घटकाभर थांबले, की आपल्याकडे वंशावळ कोण काढतो आणि का काढतो, हे कळायला वेळ लागत नाही. एकाच्या मुलीला प्रवेशासाठी जात पडताळणी हवी असते. दुसऱ्याची जमीन समृद्धी महामार्गात गेलेली असते आणि मोबदल्याच्या नोटिशीवर कधीच वारलेल्या आज्याचे नाव आलेले असते. तिसऱ्याला वनहक्काचा दावा टाकायचा असतो. आपले मूळ कुठले, एवढ्याच कुतूहलाने आलेला माणूस क्वचित दिसतो. तो दिसलाच तर बहुधा कल्याण-डोंबिवलीत स्थिरावलेला आणि निवृत्त असतो. कागद मात्र दोघांना तेच पाहावे लागतात. गरजवंत आपल्याला हवा तो शब्द सापडला की वही मिटतो, म्हणून वहीतला बाकीचा मजकूर वाचायचे काम हौशी माणसाकडे उरते.

हे काम ऑनलाइन किती होते, हा आजचा पहिला प्रश्न. परदेशी संकेतस्थळांवर सुरुवात करणारे बहुतेक लोक तिथेच निराश होतात, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये १८४१ पासूनच्या जनगणनेत घरटी माणसांची नावे लिहिली गेली, ती पत्रके जपली गेली आणि पुढे संगणकावर चढली. तिथला वंशावळीचा सगळा व्यवसाय त्यावर उभा आहे. आपल्याकडेही इंग्रजांनी शिरगणती केली, पण तक्ते तयार झाल्यावर घरोघरची पत्रके ठेवली नाहीत. आकडे उरले, माणसे गेली. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरचे खंड घरबसल्या वाचता येतात. त्यांत ठाकर, कातकरी, कोळी, आगरी, कुणबी यांच्या चालीरीतींची वर्णने आहेत, माहुलीच्या किल्ल्याचा इतिहास आहे, म्हशाच्या जत्रेची माहिती आहे. तुमच्या पणजोबांचे नाव त्यात नाही. डीएनए चाचणीचेही तसेच. थुंकीची नळी पाठवून आपण दक्षिण आशियाई आहोत हे कळते, पण धसईचे की टोकावड्याचे हे कळत नाही.

आपल्याकडे माणसाचे नाव लिहिले गेले ते सारा वसूल करण्यासाठी, जन्म-मृत्यूची वर्दी देण्यासाठी, शाळेचा पट दाखवण्यासाठी, नाहीतर खटल्यासाठी. घराण्याचा इतिहास म्हणून लिहिलेले कुलवृत्तांत आहेत, पण ते मुख्यतः कोकणस्थ आणि इतर लेखणीवाल्या घराण्यांचे. बाकीच्यांना सरकारने ज्या कारणासाठी लिहिले, त्या कारणाच्या वाटेनेच मागे जावे लागते. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे बसताना आधी विचारायचे, की हे नाव इथे कोणी आणि कशासाठी लिहिले? या एका सवयीने जितके हाती लागते तितके कोणत्याही ॲपने लागत नाही, असे माझे मत आहे.

सुरुवात सातबाऱ्यापासून होते. महाभूलेखवर आजचा सातबारा फुकट दिसतो, पण तो आजचा. वंशावळीला उपयोगी पडतो तो जुना, हाताने लिहिलेला उतारा. त्यात मयत खातेदाराचे नाव कंसात गेलेले असते, खाली वारसांची नावे असतात आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर असतो. हा नंबर म्हणजे पुढच्या दाराची किल्ली. गाव नमुना सहाच्या वहीत, म्हणजे फेरफार रजिस्टरात, अमका अमुक तारखेस मयत, त्यास वारस मुलगे इतके, पैकी धाकटा अज्ञान, असा सगळा संसार चार ओळींत मांडलेला सापडतो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ मध्ये आला आणि १९१३ मध्ये तो पुन्हा नव्याने करण्यात आला. त्यामुळे फेरफारांच्या साखळीला धरून विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत सहसा जाता येते. त्यामागे सर्व्हे मोजणीच्या वेळची शेतवार पत्रके, सूड, कडईपत्रक आणि आकारफोड अशी जुनी महसुली पत्रके. तिथवर पोचलात तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमीन कसणारा माणूस नावानिशी भेटतो. श्राद्धाला आपण तीन पिढ्यांची नावे घेतो, घरातली आठवण तिथेच थांबते. दप्तराने साथ दिली तर त्यापुढच्या दोन-तीन पिढ्या मिळतात.

यातले बरेचसे आता स्कॅन झाले आहे. राज्य सरकारने ‘आपले अभिलेख’ या पोर्टलवर जुने महसुली कागद आणले तेव्हा पहिल्या सात जिल्ह्यांत ठाण्याचा समावेश होता. कार्यालय, तालुका, गाव आणि कागदाचा प्रकार निवडायचा, सर्व्हे नंबर टाकायचा आणि फी भरून प्रत उतरवून घ्यायची. ऐकायला सोपे आहे. पण शोध नावाने लागत नाही, नंबराने लागतो, आणि नंबर बदललेले असतात. सर्व्हे नंबराचे हिस्से पडतात. जिथे एकत्रीकरण झाले तिथे गट नंबर येतो आणि जुना नंबर कोणता हे पाहायला भूमी अभिलेख कार्यालयातून ‘नऊ-तीन, नऊ-चार’चा उतारा काढावा लागतो. आकारफोडीशिवाय हिश्शांचा हिशेब लागत नाही. स्कॅन करणाऱ्याने वही कोणत्या गावाच्या नावाखाली टाकली यावरही नशीब अवलंबून असते. शेजारच्या गावाच्या फाइलमध्ये आपले गाव निघणे ही दुर्मिळ गोष्ट नाही. म्हणून पडद्यावर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे आले तर त्याचा अर्थ कागद नाही असा घेऊ नये. नकलेचा अर्ज करून अभिलेख कक्षात विचारावे.

गावांच्या हद्दीही फिरतात. शहापूर तालुक्याला जुन्या कागदांत कोळवण म्हणतात. मोखाडा एके काळी शहापूरखालचा पेठा होता आणि २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. कर्जत पूर्वी ठाण्यात होते, मग कुलाबा जिल्ह्यात गेले. सिद्धगडाच्या अंगाच्या गावातली सोयरीक दोन जिल्ह्यांच्या दप्तरांत विभागलेली असते ती यामुळे. धरणांनी तर गावेच उचलली. मुंबईला पाणी द्यायला १८९२ मध्ये तानसा आले, पुढच्या शतकात वैतरणेवरची धरणे, भातसा, आणि मुरबाडच्या अंगाला बारवी. बुडालेल्या गावाचा सातबारा आज चालू नाही, तेव्हा ऑनलाइन पाहायचे तरी काय? अशा घराण्यांना भूसंपादनाचे निवाडे शोधावे लागतात. निवाड्यात घर, झाडे, विहीर आणि हिस्सेदार मोजलेले असतात, त्यामुळे बुडालेल्या गावाचे चित्र कधीकधी न बुडालेल्या गावापेक्षा स्पष्ट मिळते.

जमीन ज्याच्या नावावर त्याची साखळी लागते, असे वर म्हटले. शहापूर-मुरबाडमध्ये इथेच मोठी गोची आहे. कसणारा एक आणि खातेदार दुसरा, अशी कित्येक गावे होती. सावकाराच्या, इजाफतदाराच्या नावाखाली ठाकर-कुणब्यांच्या तीन पिढ्या राबल्या आणि सातच्या उताऱ्यावर त्यांचा मागमूस नाही. त्यांना शोधायचे तर नमुना बारावर, जमीन कसणाऱ्याच्या रकान्यात. १९४८ चा कुळकायदा आणि त्याखालचा १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनंतर ही नावे एकदम वर येतात. त्या कायद्याच्या कलम ३२ ग ची प्रकरणे ज्यांनी चाळलेली नाहीत त्यांनी जरूर चाळावीत. शेतजमीन न्यायाधिकरणापुढे कुळाने दिलेला जबाब तिथे असतो. माझा बाप ही जमीन करीत होता, त्याच्या आधी त्याचा चुलता करीत होता, खंड भाताचा देत होतो, वरकसात नाचणी करीत होतो, असे तो सांगतो. खाली अंगठा. अक्षर कारकुनाचे असले तरी बोलणे त्याचेच असते. वंशावळ करणारे लोक यातला निकाल तेवढा घेतात आणि जबाब फाइलमध्येच राहतो.

जमीन नसलेल्यांसाठी दुसरी वही म्हणजे गाव नमुना चौदा. जन्म-मृत्यूची ही जुनी नोंदवही लोकांच्या तोंडी ‘कोतवाल बुक’ आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा. त्याआधीच्या या वह्या तहसीलच्या अभिलेख कक्षात राहिल्या आहेत. त्यांत जात लिहिलेली असते, म्हणून पडताळणीवाले त्यांच्यावर तुटून पडतात. वाचताना लक्षात ठेवायचे ते हे, की जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसतेच. अमक्या बिन तमक्याला मुलगा, एवढेच. तेव्हा तो मुलगा आपलाच आजोबा हे दुसऱ्या कागदाने ठरवावे लागते. मृत्यूच्या बाजूला कारण असते: ताप, पटकी, देवी, हगवण. १९१८ च्या पावसाळ्यानंतरची पाने हाती लागली तर मानमोडीच्या साथीत तापाच्या नोंदी कशा दाटल्या तेही दिसेल. घरात ‘आजोबांची तीन भावंडे लहानपणीच गेली’ एवढेच सांगितले जाते.

शाळेच्या जनरल रजिस्टराबद्दल थोडक्यात सांगतो. ते विश्वासाचे, पण जन्मतारखेला नव्हे. गुरुजींनी सरसकट १ जून टाकून पट भरला, त्यामुळे एका वर्गातली निम्मी मुले एकाच दिवशी जन्मलेली दिसतात. आणि पाड्यांवरच्या आजोबांनी शाळा पाहिलीच नसेल तर रजिस्टरात सापडणार काय?

जात पडताळणीने या सगळ्या शोधाला तारखा घालून दिल्या आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधीचा कागद हवा. गावातल्या म्हाताऱ्यांनाही या तारखा पाठ झाल्या आहेत. याचा एक परिणाम असा, की लोक पुराव्यापुरता इतिहास शोधतात, आणि दुसरा असा, की कागदावरच्या एका शब्दावर अख्ख्या कुटुंबाचे भवितव्य टांगले जाते. ‘कोळी’ लिहिले की ‘महादेव कोळी’ लिहिले? सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा माधुरी पाटील निकाल याच प्रश्नातून आला आणि दक्षता पथके, आप्तभाव चाचणी ही पडताळणीची आजची चौकट त्यातून बसली. रूढी, देवदेवक, लग्नाचे विधी विचारून माणूस त्या जमातीचा आहे की नाही ते ठरवायचे, ही ती चाचणी. शहरात दोन पिढ्या काढलेल्या ठाकर मुलाला कोणता विधी माहीत असणार? ठाकर जमातीच्याच संस्थेने नेलेल्या प्रकरणात २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितले, की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांचे वजन त्यामुळे आणखी वाढले. वजन वाढले की लबाडीही वाढते. जुन्या ‘कोळी’पुढे वेगळ्या शाईचा ‘महादेव’ दिसला, तर तो कागद आपल्या बाजूचा असला तरी बाजूला ठेवावा.

२०२३ मध्येच मराठा-कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यापुरती, मग राज्यभर. त्या राजकारणात इथे शिरत नाही. पण दप्तरांच्या बाजूने पाहिले तर ही मोठी घटना होती. महसूल, शाळा, भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक, तुरुंग, पोलीस अशा कचेऱ्यांतले कोणते कागद नावे सांगतात याची यादीच सरकारने बनवली, कपाटे उघडली, पाने स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकायला लावली. १९५१ च्या नागरिक नोंदवहीसारखी चीज त्यामुळे लोकांच्या कानावर आली. तुमची जात कोणतीही असो, ही यादी समोर ठेवून शोधाला लागावे. तेवढी व्यवस्थित यादी दुसऱ्या कोणी केलेली मला माहीत नाही.

त्यातले कितीतरी कागद मोडीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तलाठ्यांचा आणि कारकुनांचा हात मोडीवरच होता. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, पण वाचणारे कमी आणि गरजू फार, म्हणून दाखल्यापुरते लिप्यंतर करून देण्याचा धंदाही सुरू झाला. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा काच नाही, शब्द तोडत नाहीत आणि घाईच्या हातात अक्षरे एकमेकांत मिसळतात. आडनाव वाचताना वाचणाऱ्याला काय हवे आहे तेच दिसते. एका कागदाचे वाचन एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांकडून करून घ्यावे. युनिकोडमध्ये मोडी २०१४ मध्ये आली, आणि रुडकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडीचे देवनागरी करणारे मॉडेल मांडले. चांगलीच गोष्ट आहे, पण तलाठ्याच्या वहीतला बोरूचा फराटा वाचायला अजून माणूसच लागेल असे वाटते.

शिवाय संक्षेपांचे जंगल असते. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव एकाचे असले तरी जमीन सगळ्या भावांची. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. हे न कळल्यामुळे मामाला बाप समजून काढलेली वंशावळ मी पाहिली आहे. जुन्या नोंदीत आडनाव नसतेच म्हटले तरी चालेल. नाव, ‘बिन’, बापाचे नाव. आडनाव शाळेत लागले, कधी गावावरून, कधी कुळावरून, कधी मास्तरांच्या मनावरून. सख्ख्या भावांची दोन आडनावे हा इथे अपवाद नाही.

आणि बायका? ‘काशी कोम रामा’, म्हणजे रामाची बायको काशी, एवढ्यात बाई संपते. रामा वारला की ती वारस म्हणून वर येते आणि ती वारली की पुन्हा दिसत नाही. तिचे माहेर कोणत्या गावचे हे कोणताही नमुना विचारत नाही. मुलींची नावे पूर्वी लिहिलीच तर ‘इतर हक्कात’. १९५६ चा वारसा कायदा, महाराष्ट्राची १९९४ ची दुरुस्ती आणि २००५ ची केंद्राची दुरुस्ती यांनंतर बहिणी वारस नोंदीत हक्काने येऊ लागल्या. लागलीच हक्कसोडपत्रेही आली. ज्या कागदावर बाईचे नाव, वय, सासरचे गाव आणि पत्ता पहिल्यांदा सविस्तर लिहिला गेला, तो बऱ्याचदा तिने हक्क सोडल्याचाच कागद असतो. वंशावळ काढणाऱ्याला तो सोन्यासारखा वाटतो, पण त्या बहिणीला तसा वाटत नसावा. याच्या उलट, मुरबाडहून वैशाखऱ्याच्या वाटेने नाणेघाट चढून गेलात तर वरच्या लेण्यात सातवाहनांच्या कुटुंबाचे शिल्प होते. मूर्ती गेल्या, त्यांच्या वर भिंतीत कोरलेली नावे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या मालिकेत राणी नागनिका राजाच्या बरोबरीने आहे. तालुक्याच्या सातबाऱ्यांवर तिच्या लेकींना जागा मिळायला फार वेळ लागला.

कचेरीबाहेरच्या कागदांत त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या मोठ्या मानतात. कसारा घाट चढला की त्र्यंबक लांब नाही. आपल्या गावाचे उपाध्ये कोण हे विचारून जावे. कोण कोण क्रियाकर्माला आले, त्यांनी सांगितलेली नावे, कधी सह्या. पण ज्यांना तीर्थयात्रा परवडली त्यांच्याच या वह्या. त्याहून जुने हवे तर पुण्याचे पेशवे दप्तर आहे, आणि मुंबईत १८२१ पासूनचे पुराभिलेखागार. पाटील, देशमुख, देशपांडे, वतनदार यांना तिथे जागा आहे, बिनवतनी कुणब्याने फार आशा धरू नये. एक वेगळी वाट मात्र सुचवतो. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील या क्रांतिकारकांना पोलिसांनी मारले. त्या भागातल्या घराण्यांनी गृह विभागाची त्या काळची दप्तरे पाहावीत. पोलीस संशयाने का होईना, गरिबाचे नाव नीट लिहितात.

दूर गेलेल्यांचे लिहिणे तर आणखी नीट. मुंबई बंदरातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी गिरमिटियांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. नाव, बाप, जात, जिल्हा, गाव, अंगावरच्या खुणा, आणि काहींचे तर एकोणिसाव्या शतकातले फोटोही. करारावर मजूर म्हणून नेलेला माणूस हरवू नये म्हणून मळेवाल्यांच्या सरकारने घेतलेली ती काळजी. गावी राहिलेल्या त्याच्या भावाचा फोटो बहुधा निघालाच नाही; पुढे मतदार ओळखपत्रासाठी त्याच्या नातवाचा काय तो निघाला.

सगळ्यात मोकळी पाने कातकऱ्यांची. जमीन नाही, कुळ म्हणून नोंद नाही, वीटभट्टी आणि कोळशाच्या भट्टीमागे फिरणे, मुलाचा जन्म पोलीस पाटलाच्या गावात झाला तर नोंद, वाटेत झाला तर नाही. त्यांना ५० सालाचा कागद मागणे म्हणजे काय, हे मागणाऱ्यालाही कळते. २००६ च्या वनहक्क कायद्याने इथे वेगळी रीत आणली. त्याच्या नियमांत पुरावा म्हणून जुन्या नोंदींतल्या माणसापर्यंत जाणारी वंशावळ चालते, आणि दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले, लिहून घेतलेले निवेदनही चालते. त्यामुळे शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर वनहक्क समित्यांनी म्हाताऱ्यांना बसवून विचारले: इथे आधी कोण राहत होते, तुझ्या बापाचा बाप कुठून आला, त्याला कुठे पुरले, कोणत्या झाडाखाली देव आहे. ते कागद दाव्याला जोडून उपविभागीय समितीकडे गेले. दावा मंजूर झाला की नाही, किती गुंठे मिळाले, याची चर्चा पुष्कळ होते. पण कित्येक कातकरी आणि ठाकर घराण्यांची पहिली लेखी वंशावळ त्या जोडपत्रांतच आहे, आणि ‘आपले अभिलेख’च्या कागदांच्या प्रकारांत तिच्यासाठी अजून रकाना नाही.